बावीस पायऱ्या

केज,
२८ डिसेंबर २०२५

चि. तहसीन हिस,
फुपीचे अनेक आशीर्वाद आणि ओंजळभर दुआ.

तुझा मोबाइलवरचा निरोप पोचला, पण त्याला मी पत्र मानत नाही, हे तुला हॉस्टेलात होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. आता भाचीने मला चार ओळी आणि दोन हसरे चेहरे पाठवावेत, हे मी खपवून घेणार नाही. कागद घे आणि लिही.

इकडे नुसती धांदल उडाली आहे. मशिदीचा रंग झाला, काचा बसल्या, आणि येत्या ९ तारखेच्या शुक्रवारी पहिली नमाज आहे. तुझ्या नकाशावरून उठलेली इमारत बघायला नेकनूरहून, धारूरहून माणसं येऊन जातात आणि तुझा बाप दुकान बंद करून सगळ्यांना फिरवून दाखवतो. मोटारी रिवाइंड करायला आलेले शेतकरी खोळंबतात. मी त्याला बोलले तर म्हणतो, आपा, मोटारी काय रोजच जळतात, मशीद एकदाच होते.

खरं सांगू का, तहसीन, मला रात्री झोप लागत नाही इतका आनंद झाला आहे. नऊ वर्षांपूर्वी मी कमिटीपुढे पहिल्यांदा म्हटलं होतं की नवी मशीद बांधताय तर बायकांना जागा ठेवा. तेव्हा सगळे हसले होते आणि मुनीर, तुझा बाप, आपल्या चपलांकडे बघत बसला होता. पण कमिटीच्या सात जणांपैकी पाच माझ्या हाताखालून गेलेले. एकेकाला घरी चहाला बोलावून मी त्यांचं डोकं खाल्लं. हाजी चाँदपाशा सगळ्यांत शेवटी वळला. कापडाचं दुकान काढून सेठ झाला असला तरी चौथीत तो गृहपाठ न करता पोट दुखतंय म्हणायचा, ते मी विसरलेले नाही. शेवटी तोही म्हणाला, बाई, वरचा मजला तुमचा.

सहासष्ट वर्षांची झाले. शाळेत जाता-येता रोज मशिदीवरून गेले, पण आत पाऊल टाकलं नाही. हजचा योग अजून आला नाही. इमामाच्या मागे, जमातीत, चार बायकांच्या खांद्याला खांदा लावून एक नमाज पढावी एवढंच मनात आहे. आता बारा दिवस उरले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
खैरुन्निसा फुपी

•

पुणे,
३ जानेवारी २०२६

ती. फुपीजान यांस,
सलाम आणि सा. न. वि. वि. (दोन्ही घातले, आता मार्क कापू नका.)

हे घ्या पत्र, चांगलं शाईच्या पेनाने. आमच्या ऑफिसात सगळे मला हसतात, आणि मी त्यांना सांगते की माझी फुपी, म्हणजे आत्या, लाल पेनाने दुरुस्त करून पत्र परत पाठवते.

मला ९ तारखेला सुट्टी मिळत नाही, याचं इतकं वाईट वाटतंय की विचारू नका. माझी स्वतःची पहिली इमारत, आणि मी इथे कुणाच्या तरी फ्लॅटच्या बाल्कन्या मोजत बसणार. म्हणून माझे डोळे तुम्ही व्हा. बायकांच्या दाराशी चपलांची फळी आहे ना, ती बघा. वजूला हातपाय धुवायचे नळ बघा. तिथले बसायचे ओटे मी तुमच्या गुडघ्याची उंची मोजून काढलेत, आठवतं? गेल्या ईदला तुम्हाला टेप लावली तेव्हा तुम्ही म्हणाला होता की शिंप्याने घेतलं नाही असलं माप ही पोरगी घेतेय.

एक कबुली देते. मी पहिल्या नकाशात बायकांची जागा खालीच काढली होती. कमिटी म्हणाली वर न्या. मी दोन दिवस भांडले. मग स्लॅबवर चढले आणि तिथला उजेड बघून मीच वर न्यायला तयार झाले. सगळ्या केजवर पसरलेलं आभाळ तिथे दिसतं. मग मी मोठी काचेची भिंत काढली, दुहेरी काचेची. ती बंद केली की रस्त्यावरच्या गाड्यांचा टाचणीएवढाही आवाज आत येत नाही. इमामांचा आवाज स्पीकरमधून येईल. आणि मधोमध जी कमानीची खिडकी आहे, ती तुमची. काढताना तुम्हालाच तिथे बसवलं होतं मनात. त्या खिडकीतून काय दिसतं ते मला सविस्तर लिहा.

तुमच्या लाल पेनाची वाट बघणारी, लोभाची भुकेली,
तहसीन

•

केज,
१० जानेवारी २०२६

चि. तहसीन हिस,
आशीर्वाद आणि दुआ.

काल पहिला शुक्रवार झाला आणि असा झाला की सगळ्या केजात अजून हसताहेत. आधी हसून घे, मग रागाव.

पंचेचाळीस बायका आल्या. पंधरा येतील असा तुझ्या बापाचा अंदाज होता. चाँदपाशाने स्वतः आपल्या ऐंशी वर्षांच्या अम्माला ऑटोतून आणलं आणि तिची चप्पल फळीवर ठेवली. सुना आल्या, लेकी आल्या, तान्ही बाळं घेऊन आल्या. नवे इमाम मौलाना तौफिक तरुण आहेत, बोलतात गोड. त्यांनी नमाजीआधीच्या खुतब्यात, प्रवचनात, सांगितलं की पैगंबरांच्या मशिदीत बायका येत आणि त्यांना कुणी अडवू नये असं त्यांनीच बजावलं होतं. हे ऐकून काहींनी पदराने डोळे टिपले.

मग जमात उभी राहिली. दुसऱ्या म्हणजे शेवटच्या रकातीत, नमाजीच्या फेरीत, सगळे सजद्यात गेले, कपाळ जमिनीला टेकलं, आणि नेमकी लाइट गेली. खाली इन्व्हर्टर होता, तो लागला आणि मौलानांचा माइक चालू राहिला. पण मुनीरने इन्व्हर्टरची लाइन वरच्या स्पीकरला जोडलीच नव्हती. आख्ख्या तालुक्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. खाली पुरुष उठून बसले, नमाज संपल्याचा सलाम फेरला, दुआ झाली. वर काचेआड काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. पंचेचाळीस बायका सजद्यातच. प्रत्येकीला वाटलं, काय मौलाना आहेत, केवढा लांब सजदा, किती भक्ती. चाँदपाशाच्या अम्माला तर डुलकी लागली.

बाहेर पोरांनी मोटारसायकली सुरू केल्या तेव्हा मला कळलं की खेळ आटोपला. मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले, उठा ग बायांनो, पुरुष घरी गेले. मग जो हशा पिकला तो जिन्यावरून उतरत रस्त्यापर्यंत आला. चाँदपाशा मात्र खजील झाला होता. तो म्हणाला की बायकांना वर आणून चूकच झाली की काय. मी त्याला म्हटलं, चूक वायरमनची आहे, बायकांची नाही.

तुझी खिडकी छानच. ऊन सुरेख येतं. बाकी पुढे कधीतरी.

लोभ आहे तसाच राहू दे.
फुपी

•

पुणे,
१५ जानेवारी २०२६

ती. अब्बा यांस,
सलाम.

तुम्हाला पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुम्ही ओळखलंच असेल. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून कागद.

फुपींचं पत्र वाचून मी पोट धरून हसले. मग रात्री एकदम उठून बसले. अब्बा, दुहेरी काच मी बसवलीय. वर बसलेल्या माणसाला मोटारसायकल ऐकू येऊच शकत नाही. आणि खिडकीतून काय दिसतं ते लिहा म्हटलं, तर त्यांनी सहा शब्दांत गुंडाळलं. ज्या बाईला बाजारात मेथीची जुडी घेतली हे सांगायला पान पुरत नाही, तिने.

फुपी वर नव्हत्या. त्या कुठे होत्या?

तुमची,
तहसीन

•

केज,
१९ जानेवारी २०२६

चि. तहसीन,
दुआ.

मी लिहिण्यात कच्चा आहे, शाळेत आपाच्या वर्गात असतो तर नापास झालो असतो. सरळ सांगतो.

आपा वर गेलीच नाही. बावीस पायऱ्या आहेत. चार चढली आणि गुडघ्याने जवाब दिला. मग तिथंच चौथ्या पायरीवर भिंतीला टेकून बसली. बाजूच्या झरोक्यातून आमचा माइक ऐकू येत होता, त्यावर तिने बसल्याबसल्या नमाज पढली. एकटीने. म्हणून तर मोटारसायकली तिला ऐकू आल्या. वरून कुणीच उतरेना, तेव्हा तिथूनच ती ओरडली.

गेल्या शुक्रवारीही तेच. वरचं सगळं वर्णन तुझ्या अम्मीला खोदून खोदून विचारून घेतलं होतं, तुला लिहायला. अम्मीला शपथ घातली. पोरीची पहिली इमारत आहे, तिचं मन मोडायचं नाही म्हणाली.

मला हे परवा कळलं, तेही अम्मीच्या तोंडून निसटलं म्हणून. बायकांचं दार बाजूच्या गल्लीत, आमचं समोर. आम्ही पुरुष तिकडं फिरकत नाही. नऊ वर्षं तिनं आमच्या मागे लागून ती जागा मिळवली, आणि ती स्वतः पायरीवर बसते. हे कळल्यापासून मला दुकानात काम सुचत नाही. इन्व्हर्टरची लाइन मी दुसऱ्याच दिवशी जोडली, पण पायरीला काय जोडू?

काही होतं का बघ. १९ फेब्रुवारीच्या आसपास रमजान लागेल. आणि मी सांगितलं असं आपाला कळू देऊ नकोस, माझी चामडी लोळवेल.

माया ठेव.
अब्बा

•

पुणे,
२३ जानेवारी २०२६

ती. फुपीजान यांस,
सलाम, सा. न. वि. वि.

मला कुणीही काही सांगितलेलं नाही. मला मोटारसायकलींनी सांगितलं. दुहेरी काचेआड बसून त्या ऐकल्यात म्हणे तुम्ही. तेहतीस वर्षं पोरांच्या पोटदुख्या पकडल्यात, आणि स्वतः इतकं कच्चं खोटं?

रागावले आहे, पण तुमच्यावर थोडीच, स्वतःवर जास्त. बसायच्या ओट्याची उंची मी तुमच्या गुडघ्यावरून काढली आणि जिना काढताना तोच गुडघा विसरले. उजेड बघितला, आभाळ बघितलं, पायऱ्या मोजल्या नाहीत. फुपी, माझं मन मोडेल म्हणून तुम्ही गप्प बसलात. ज्या मशिदीत तुम्हाला जाता येत नाही ती बांधून मी मिरवावं, यानेच माझं मन मोडेल, एवढं लक्षात ठेवा.

आता रडणं संपलं, कामाचं बोलू. दोन रात्री जागून नवीन नकाशा केलाय, सोबत जोडलाय. बघाच! खालच्या हॉलचा मागचा तिसरा हिस्सा बायकांचा आणि पोराबाळांचा. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, फक्त कमरेइतकी सागवानी जाळी. बजरंग सुतारांशी मी फोनवर बोलले, दोन आठवड्यांत करून देतो म्हणाले. समोरच्याच ओसरीतून आत यायचं, गल्लीतून नाही. उंबरा काढून उतार करायचा. कोपऱ्यात मुलांसाठी चटई आणि पुस्तकांचं बुटकं कपाट. आणि वरचा हॉल, आभाळासकट, त्या मोटारसायकलवाल्या पोरांना. त्यांचे गुडघे शाबूत आहेत.

कमिटीला कसं पटवायचं ते मला माहीत नाही. एकदा ठरलेलं पुन्हा उकरून काढायचं म्हणजे चाँदपाशाकाका उसळणार. पण तुम्हाला काहीतरी सुचेल.

आणि यापुढे मला खरं लिहा. लोभ तसाच हवा, पण खराखुरा.
तहसीन

•

केज,
१ फेब्रुवारी २०२६

चि. तहसीन हिस,
आशीर्वाद, दुआ आणि कान पकडून माफी.

पकडली गेले. कुठल्या मोटारसायकलीने चुगली केली ते मला चांगलं ठाऊक आहे, ती रोज माझ्याकडे चहा पिते. पण यावेळी माफ केलं.

तुझा नकाशा मी भिंतीला डकवला आणि तीन दिवस त्याच्याशी बोलत बसले. मौलानांना दाखवला. ते म्हणाले की हे मी पहिल्या दिवशीच सुचवायला हवं होतं, पण नवा माणूस म्हणून धीर झाला नाही. मग कमिटी बसली. चाँदपाशा खरंच उसळला. वरचा मजला दिला, संगमरवर दिला, आता आणखी काय? खाली जागा अपुरी पडेल, लोक नावं ठेवतील. त्याच्या मनात वाईट नाही ग, पण लोक काय म्हणतील याची त्याला लहानपणापासून धास्ती.

मी वाद घातला नाही. मी म्हटलं, उद्या असरच्या नमाजीनंतर सगळे बायकांच्या दाराशी या, एक छोटी परीक्षा आहे. बाई परीक्षा म्हणाल्यावर कोण नाही म्हणतो?

शिवम्माकडून सात पिशव्या ज्वारी आणवली, पाच-पाच किलोची. आपली शिवम्मा, रुद्रप्पांच्या किराणा दुकानातली. ती स्वतःच हातगाडीवर घालून घेऊन आली. काय तमाशा आहे ते तिला बघायचं होतं. प्रत्येकाच्या कडेवर मी एक पिशवी दिली आणि सांगितलं, हे तुमचं तान्हं. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि बाळाच्या चपला. कठड्याला हात लावायचा नाही, कारण हात रिकामा नाही. चला वर.

तहसीन, तू हवी होतीस! सातजण दाढ्या सांभाळत, ज्वारी कडेवर घेऊन चढताहेत आणि गल्लीभर बायका बघताहेत. पहिले दोघे पोचले. एकाचं तान्हं नवव्या पायरीवर फुटलं आणि ज्वारी खाली सांडली. शिवम्मा म्हणाली, दाजी, असं लेकरू सांभाळता व्हय? चाँदपाशा तेराव्या पायरीवर थांबला. घाम पुसायला हात मोकळा नाही. तिथेच बसला. मग त्याने मला विचारलं की त्याची अम्मा त्या दिवशी वर कशी गेली होती. मी खरं ते सांगितलं. दोन सुनांनी खुर्चीत बसवून उचलून नेली, आणि उतरताना ती भीतीने रडत होती. त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

तो ज्वारी मांडीवर घेऊन म्हणाला, "बाई, लई चुकलं आमचं. पोरं जातील वर. तुमी खाली या."

ठराव तिथेच पायरीवर झाला. सागवानाचा खर्च तो देणार आहे. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून देऊ. तो म्हणाला, पिशवी माझ्या कडेवर होती.

बजरंग सुताराने कामाला हात घातला आहे. मुलांच्या कोपऱ्यासाठी पाटी मी माझ्या अक्षरात लिहिली, मराठीत आणि उर्दूत. मुलं रडली तर चालेल, रागावणाऱ्यांनी बाहेर जावं. मौलाना हसले आणि म्हणाले की लावा.

तुझी माया आहे म्हणून या वयात एवढं सुचतं.
फुपी

•

केज,
२१ फेब्रुवारी २०२६

चि. तहसीन हिस,
रमजानच्या दुआ आणि काठोकाठ आशीर्वाद.

काल रमजानचा पहिला शुक्रवार झाला. यावेळी सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तेव्हा विश्वास ठेव.

उतारावरून चालत आत गेले. एकही पायरी नाही. वजूच्या ओट्यावर बसले, गुडघा नव्वद अंशात, शाबास. साठच्या वर बायका होत्या. चाँदपाशाची अम्मा माझ्या उजवीकडे, तुझी अम्मी डावीकडे. मुलांच्या कोपऱ्यात दोघं भांडली, एक रडलं, आणि कुणीही मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळी इफ्तारला शेजारपाजारच्या बायका बोलावल्या होत्या. शिवम्मा सुनेला घेऊन आली आणि ओट्यांची उंची टाचेपासून वितीने मोजून गेली. त्यांच्या मठातल्या नळालाही तसेच ओटे करायचे म्हणते. तू तिला नकाशा दे, फुकट.

लाइट कालही गेली. दुसऱ्याच रकातीत, अगदी ठरवल्यासारखी. आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली. माइक बंद, पंखे बंद. पण पुढच्या ओळी उठल्या, त्या जाळीवरून दिसल्या, आम्हीही उठलो. ते बसले, आम्ही बसलो. मौलानांचा स्वतःचा आवाज, माइकशिवायचा, मागपर्यंत आला. शेवटचा सलाम सगळ्यांनी एकदम फेरला. चाँदपाशाची अम्मा माझा हात धरून म्हणाली, आज झोप नाही लागली.

आता एक गोष्ट, ती फक्त तुला. जाळीच्या अलीकडे पहिल्या ओळीत मी होते आणि पलीकडे शेवटच्या ओळीत, बरोबर माझ्यासमोर, मुनीर. तो पुढे उभा राहू शकला असता. आपाजवळ उभा राहतो म्हणाला असेल, मला काय ठाऊक. बासष्ट वर्षांचा झाला. लहानपणी शुक्रवारी त्याचा कुर्ता मी इस्त्री करून द्यायचे आणि तो पळत मशिदीत जायचा. मी दारात उभी राहून बघायचे. तो आत काय करतो, कसा उभा राहतो, हे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. काल बघितलं.

तहसीन, सजद्यातून उठताना त्याने उजवा हात गुडघ्यावर ठेवला. मग दुसरा. जोर लावून उठला आणि ताठ उभा राहिला, जणू काही झालंच नाही. माझाच गुडघा आहे तो, आमच्या अब्बांकडून आलेला. किती वर्षं दुखतोय देव जाणे. मी नमाजीत होते म्हणून, नाहीतर जाळीवरून हात घालून त्याला उठवलं असतं.

ईदला येशील तेव्हा पुरुषांच्या शेवटच्या ओळीसाठी दोन बुटक्या खुर्च्यांचा नकाशा घेऊन ये. बजरंगला मी सांगून ठेवलं आहे. उंची बापाच्या गुडघ्यावरून घे, शिंप्यासारखी टेप लावून. काय म्हणून विचारलं तर काहीही सांग.

फक्त मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

लोभ वाढता असू दे.
तुझी,
खैरुन्निसा फुपी